शेत बाटलीत उतरतं कसं? शॅम्पेनच्या छोट्या उत्पादकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'छोटा उत्पादक' नेमकं कोणाला म्हणायचं? लेबलावरून ओळखता येतो का?

येतो. शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली बुडबुड्यांची वाइन. तिच्या प्रत्येक बाटलीच्या लेबलावर अगदी बारीक टायपात दोन अक्षरं आणि पुढे एक क्रमांक असतो. 'आर. एम.' म्हणजे रेकोल्तां-मानिप्युलां, स्वतःच्या बागेतली द्राक्षं घेऊन स्वतःच वाइन करणारा शेतकरी. त्याला बाहेरून फार तर ५ टक्के द्राक्षं घेता येतात. 'एन. एम.' म्हणजे द्राक्षं, रस किंवा वाइन विकत घेऊन माल तयार करणारी कंपनी, आणि 'सी. एम.' म्हणजे सहकारी संस्था. 'आर. सी.' दिसलं तर जरा थांबा. तिथे नाव शेतकऱ्याचं असतं, पण द्राक्षं सोसायटीला घालून तयार बाटल्या परत घेतलेल्या असतात. 'एम. ए.' म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतलेला ब्रँड.

ही अक्षरं म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. शेजाऱ्याचा एखादा चांगला तुकडा मिळावा म्हणून काही नेकीने काम करणारे छोटे उत्पादकही 'एन. एम.'चा परवाना घेतात, आणि 'आर. एम.' लिहिलेल्या काही बाटल्या अगदी सामान्य निघतात. पण सुरुवातीला चाळणी म्हणून ही अक्षरं उपयोगी पडतात.

एवढे शेतकरी असताना बाजारात मोठ्या कंपन्यांचीच नावं का दिसतात?

शॅम्पेनमध्ये साधारण ३४,००० हेक्टर बाग आहे आणि ती जवळपास १६,००० शेतकऱ्यांत वाटलेली आहे. सुमारे नव्वद टक्के जमीन शेतकऱ्यांची, पण बहुतेक बाटल्या विकतात कंपन्या. कारण साधं आहे. द्राक्षाला भाव चांगला मिळतो आणि पैसे लवकर हातात येतात. स्वतः वाइन करायची तर दाबयंत्र, पिंपं, तळघर हे सगळं हवं, वर तीन-चार वर्षं माल अडकून पडतो. जमीन वाढवणं तर जवळजवळ अशक्यच, कारण हेक्टरी भाव दहा लाख युरोंच्या घरात असतो. म्हणून हा रस्ता धरणारा माणूस जमीन वाढवत बसत नाही, आहे ती जमीन ओळखत जातो.

आव्हीझ गावच्या अँसेल्म सेलोस यांनी १९७४ साली घरची बाग हाती घेतली. कमी उत्पादन, जिवंत माती आणि लाकडी पिंपात किण्वन हा त्यांचा मार्ग पुढच्या पिढीतल्या कितीतरी शेतकऱ्यांनी स्वीकारला. आज 'शेतकऱ्याची शॅम्पेन' म्हणून जी ओळख आहे, तिच्यामागे हे काम मोठं आहे.

टेरुआर म्हणजे मातीची चव का?

नाही. खडूच्या जमिनीतली द्राक्षं खडूची चव घेऊन येत नाहीत. वेल मुळांतून क्षार घेते ते इतक्या कमी प्रमाणात की जिभेला कळणार नाहीत. ज्याला आपण 'खनिजासारखी', 'खारट' चव म्हणतो ती बरीचशी तीव्र आम्लता, कमी गोडी आणि साक्यावर, म्हणजे बाटलीत खाली बसलेल्या मेलेल्या यीस्टवर, मुरण्यातून येते.

टेरुआर म्हणजे जमिनीचा निचरा, उतार, उन्हाची दिशा, वारा, हिमतुषाराचा धोका, आणि त्या सगळ्याला दिलेला माणसाचा प्रतिसाद. शॅम्पेन उत्तरेकडे ४९ अक्षांशाच्या आसपास आहे आणि तिथलं वर्षाचं सरासरी तापमान ११ अंशांच्या जवळपास असतं. द्राक्ष जेमतेम पिकतं अशा ठिकाणी उताराचा थोडा फरकही फळात उतरतो. शॅम्पेनचा खडू दर घनमीटरला ३०० ते ४०० लिटर पाणी धरतो आणि कोरड्या उन्हाळ्यात ते हळूहळू वर सोडतो. वेलीला ना पाण्यात उभं राहावं लागतं, ना तहानेनं होरपळावं लागतं. चव घडते ती या संथ, एकसारख्या पुरवठ्यातून.

खडूचा त्रासही आहे. चुन्यामुळे वेलीला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. म्हणून वेल कलम करायला चुना सोसणारे खुंट, मुख्यतः '४१ बी' ही जात, वापरावे लागतात.

एका गावापासून दुसऱ्या गावात खरंच इतका फरक पडतो?

पडतो, आणि तो चाखायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकाच उत्पादकाच्या दोन गावांच्या, किंवा दोन तुकड्यांच्या बाटल्या शेजारी ठेवणं. कष्ट घेणारा उत्पादक एकच असेल तर उरलेला फरक जागेचा.

कोत दे ब्लां म्हणजे शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाचा पट्टा. तिथल्या ल मेनील-स्युर-ओझे गावात खडूवर मातीचा थर पातळ असतो. तिथली वाइन तरुणपणी आवळलेली, सरळ रेषेसारखी लागते आणि तिला वर्षं द्यावी लागतात. त्याच रांगेतलं क्रामां जरा भरीव, लवकर खुलणारं. रँस शहराजवळच्या मोंतान्य द रँस या डोंगराच्या उत्तर उतारावर व्हेर्झने आणि व्हेर्झी, दक्षिण उतारावर बूझी आणि आंबोने. जात तीच, पिनो न्वार हे काळं द्राक्ष, पण उत्तरेकडची ताठ आणि गडद, दक्षिणेकडची मांसल. मार्न नदीच्या खोऱ्यात चिकणमाती आणि वाळू जास्त. तिथे म्यूनिए ही काळ्या द्राक्षाची जात घेतात, कारण तिचे डोळे उशिरा फुटतात आणि वसंतातल्या थंडीत वाचतात. कोत दे बार दक्षिणेला इतकं दूर आहे की त्याला रँसपेक्षा शेजारच्या बर्गंडीतलं शाब्ली हे वाइनचं गाव जवळ, आणि तिथली जमीनही शाब्लीसारखीच, किमरिजियन नावाच्या चुनखडीची, खडू नव्हे. तिथल्या पिनो न्वारला फळाचा गर जास्त जाणवतो.

ही वर्णनं अंदाजाला ठीक आहेत, नियम म्हणून नाहीत. उताराच्या पायथ्याची चिकण जमीन आणि मधल्या टप्प्यातली पांढरी जमीन एकाच गावात असते, आणि दोन्ही ठिकाणची फळं सारखी लागत नाहीत.

'ग्रां क्रू' लिहिलं असेल तर ती बाटली उत्तमच ना?

१७ गावांना ग्रां क्रू आणि ४२ गावांना प्रीमिए क्रू म्हणतात. हा मान अख्ख्या गावाला आहे, शेताच्या तुकड्याला नाही, आणि मुळात तो द्राक्षाचा भाव ठरवण्याच्या टक्केवारीतून आला: १०० टक्के भाव मिळणारं ते ग्रां क्रू, ९० ते ९९ वालं प्रीमिए. त्यामुळे ग्रां क्रू गावातला सावलीतला ओलसर कोपराही ग्रां क्रूच असतो आणि कोत दे बारमधलं अप्रतिम शेत कशातच बसत नाही. गावापेक्षा लेबलावर शेताचं नाव, म्हणजे लिए-दी, दिलं असेल तर ती माहिती जास्त मोलाची समजा.

बागेत हे लोक वेगळं काय करतात?

दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशकं शॅम्पेनच्या बागांत पॅरिस शहराचा कुजवलेला कचरा खत म्हणून टाकला जायचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते थांबलं, पण आजही काही शेतांत वाकून मूठभर माती उचलली तर निळ्या प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे हाताला लागतात. टेरुआरची भाषा बोलणाऱ्या उत्पादकाला सुरुवात इथून करावी लागते: आधी माती पुन्हा माती करायची.

तणनाशक बंद करून नांगर घातला की वेलीची वरवरची मुळं तुटतात, पहिली दोन-तीन वर्षं उत्पादन घटतं, आणि मग मुळं खडूत खाली उतरतात. बहुतेक बागांत ओळींमधलं अंतर दीड मीटरपेक्षा जास्त नसतं आणि हेक्टरी सुमारे ८,००० वेली असतात, त्यामुळे साधा ट्रॅक्टर आत जात नाही. ओळीवरून चालणारा उंच ट्रॅक्टर लागतो आणि त्याच्या वजनाने जमीन दाबली जाते. ओल्या मातीत तो घालायचा नाही, हा नियम मोडला तर पुढची अनेक वर्षं निचरा बिघडतो. काही जण त्यासाठी हलकी यंत्रं किंवा घोडा वापरतात.

ओळींत गवत ठेवणं चांगलं, पण एप्रिलमध्ये ते कापलेलं हवं. उंच, ओलं गवत असलेल्या बागेत हिमतुषाराच्या रात्री हवा जास्त थंड होते आणि कोवळे फुटवे उणे दोनच्या आसपास जळतात. मेणबत्त्या लावायच्या तर हेक्टरी ३०० ते ४०० लागतात, म्हणून त्या सगळ्यात चांगल्या तुकड्यापुरत्याच लावल्या जातात.

उन्हाळ्यातला खरा शत्रू केवडा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. सेंद्रिय पद्धतीत तांब्याची फवारणी हाच आधार, आणि तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. तांबं पानावर नुसतं बसतं, आत शिरत नाही. वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला की धुऊन जातं, पुन्हा फवारावं लागतं. २०२१ साली एप्रिलची थंडी आणि पाठोपाठ ओला उन्हाळा आला, तेव्हा रोज पाऊस आणि चिखलात ट्रॅक्टर घालता येत नाही, अशी दोन्हीकडून कोंडी झाली. ज्यांच्याकडे पाठीवरचे पंप आणि हाताशी माणसं होती त्यांचं थोडं वाचलं.

तोडणीचा दिवस कसा ठरतो?

दरवर्षी प्रत्येक गावासाठी आणि प्रत्येक जातीसाठी तोडणी सुरू करण्याची तारीख जाहीर होते. ती पहिली शक्य तारीख असते, आदेश नव्हे. छोटा उत्पादक प्रत्येक तुकड्यातून दोनशे मणी गोळा करून साखर आणि आम्लता मोजतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मणी चावून बघतो. बी हिरवी आणि साल कडवट असेल तर आकडा काहीही सांगो, थांबायचं. साखरेतून १०.५ ते ११ टक्के अल्कोहोल येईल इतपत पिकलेलं फळ मिळालं तर वरून साखर घालावी लागत नाही. फार थांबलं तर आम्ल पडतं आणि बाटलीत बुडबुडे आणणाऱ्या दुसऱ्या किण्वनाला जड वाइन मिळते.

तोडणी हातानेच करावी लागते, तसा नियम आहे. घड अखंड दाबयंत्रात जायला हवेत.

४,००० किलोचा नियम काय आहे?

पारंपरिक दाबयंत्राचा एक घाणा म्हणजे ४,००० किलो घड. त्यातून २,५५० लिटर रसच वाइनसाठी घेता येतो. पहिले २,०५० लिटर म्हणजे 'क्युव्हे', पुढचे ५०० लिटर 'ताय'. त्यानंतर निघेल तो रस शॅम्पेन होऊ शकत नाही. २,०५० हा आकडा विचित्र वाटतो, पण शॅम्पेनचं जुनं पिंप २०५ लिटरचं. म्हणजे एका घाण्यातून क्युव्हेची बरोबर दहा पिंपं भरतात.

अगदी सुरुवातीचा रस बाजूला काढतात, कारण त्यात धूळ आणि फवारणीचे अंश असतात. मग दाब हळूहळू चढवायचा, सोडायचा, चोथा फावड्याने कडेकडून मध्ये ओढायचा आणि पुन्हा दाबायचं. एक घाणा संपायला साधारण चार तास लागतात. घाई केली तर काळ्या द्राक्षाच्या सालीचा रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. नंतरच्या रसात आम्ल कमी आणि पोटॅशियम जास्त असतं, तो लवकर म्हातारा होतो. म्हणून बरेच जण 'ताय' वेगळा ठेवतात किंवा विकून टाकतात.

अडचण येते ती लहान तुकड्याची. पाव हेक्टरात २,००० किलोच फळ आलं तर मोठं दाबयंत्र अर्धं रिकामं राहतं. शेत वेगळं ठेवायचं तर दाबयंत्रही त्या मापाचं हवं. एकेका शेताची वाइन वेगळी करणारे इतके थोडे का, याचं मोठं कारण हेच.

लाकडी पिंप बरं की स्टीलची टाकी?

दोन्हींत चांगली वाइन होते. जुन्या पिंपातून थोडी हवा मिळते, वाइन सैल होते, पोत येतो. नवं पिंप मात्र शेत झाकून टाकतं. तीन-चार वर्षं वापरलेलं पिंप बहुतेकांना आवडतं. पिंप रिकामं ठेवलं, पातळी खाली गेलेली असताना भरलं नाही, तर शिरक्याचा वास शिरतो आणि तो काढता येत नाही.

आपल्याच बागेतल्या यीस्टवर किण्वन करायचं तर तोडणीच्या आठवडाभर आधी थोडे निरोगी घड तोडून, चिरडून, कोमट जागी विरजण लावतात. ते जोमात आलं, वास स्वच्छ आला, तरच मुख्य रसात २ ते ५ टक्के घालायचं. नेलपॉलिशसारखा वास आला तर फेकून द्यायचं, मोह धरायचा नाही.

मॅलोलॅक्टिक किण्वनाबद्दल, म्हणजे जिवाणू तीव्र आम्लाचं सौम्य आम्ल करतात त्याबद्दल, हट्ट नको. थंड वर्षी त्याने धार कमी होते, उष्ण वर्षी ते थांबवलं तर ताजेपणा टिकतो. पण थांबवलेली वाइन न गाळता बाटलीत भरली आणि ते बाटलीत सुरू झालं, तर गढूळपणा येतो आणि साका नीट खाली बसत नाही.

बुडबुडे नेमके कसे तयार होतात?

शांत, म्हणजे बुडबुडे नसलेल्या, वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. साखर आंबते, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. हे भरणं म्हणजे 'तिराज', आणि ते तोडणीनंतरच्या १ जानेवारीच्या आधी करता येत नाही.

हिशेब असा: लिटरला ४ ग्रॅम साखरेने साधारण १ बार, म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका, दाब. २४ ग्रॅम घातली की ६ बार, आणि अल्कोहोल सुमारे सव्वा टक्का वाढतं. मऊ बुडबुडा हवा असणारे २० ग्रॅम घालून ५ बारवर थांबतात. शेत चाखायचं असेल तर हा कमी दाब आम्हाला बरा वाटतो, फेस जिभेच्या आणि वाइनच्या मध्ये येत नाही.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आधी वाइनमध्ये उरलेली साखर मोजा. पिंपातलं रानटी यीस्ट थकून ४ ग्रॅम साखर मागे ठेवून गेलं असेल आणि तुम्ही डोळे झाकून २४ घातले, तर दाब ७ बार. बाटल्या फुटतात, आणि रचलेल्या थरात एक फुटली की शेजारच्याही जातात.

यीस्ट थेट ओतू नका. ११ टक्के अल्कोहोलात ते दगावतं. तीन ते पाच दिवस विरजण तयार करा: कोमट पाणी आणि साखरेत जागं करा, मग रोज थोडी थोडी वाइन वाढवत न्या. भरताना दर मिलिलिटरला दहा ते पंधरा लाख जिवंत पेशी हव्यात. कमी पडल्या तर किण्वन अर्ध्यावर अडकतं आणि सहा महिन्यांनी हातात गोडसर, अर्धवट दाबाची बाटली येते.

साखरेचा पाक टाकीच्या तळाशी बसतो. भरताना सतत ढवळत राहिलं नाही तर पहिल्या आणि शेवटच्या बाटलीत दोन बारचा फरक पडू शकतो.

वाइन टिकवण्यासाठी घातलेलं मुक्त सल्फर लिटरला १५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर यीस्ट सुरूच होत नाही. थांबा, उतरू द्या.

भरलेल्या बाटल्या १० ते १२ अंशांच्या तळघरात आडव्या रचतात. सहा ते आठ आठवड्यांत दाब पुरा होतो. जास्त गरम जागेत तो लवकर होतो, पण बुडबुडा भरड राहतो.

साक्यावर किती वर्षं ठेवायचं?

नियमाने वर्ष न लिहिलेली बाटली भरल्यापासून किमान १५ महिने, त्यातले १२ साक्यावर. वर्ष लिहिलेली, ३ वर्षं. प्रत्यक्षात चांगले उत्पादक साध्या बाटलीलाही दोन-तीन वर्षं देतात. मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळतं, भाजलेल्या पावाचा, सुक्या मेव्याचा वास येतो, फेस बारीक होतो. जास्त म्हणजे चांगलंच असं नाही. हलक्या वर्षाच्या वाइनला सात वर्षं साक्यावर ठेवलं तर उरते ती यीस्टची चव, शेत हरवतं.

साका बाहेर काढतात कसा?

लाकडी फळीच्या भोकांत बाटल्या तिरक्या खोचून रोज थोड्या फिरवायच्या आणि उभ्या करत न्यायच्या. हाताने चार ते सहा आठवडे लागतात. फिरत्या पिंजऱ्याचं यंत्र, जिरोपालेत, एका वेळी सुमारे ५०० बाटल्या आठवड्याभरात करतं, आणि वाइनमध्ये काही फरक पडत नाही.

साका झाकणाशी जमला की बाटलीची मान उणे २७ अंशांच्या द्रावणात बुडवतात. बर्फाची गुठळी होते, झाकण उघडताच दाबाने बाहेर उडते. हाताने, न गोठवता काढणारा माणूस बाटली खाली तोंड करून धरतो, वर उचलता उचलता झाकण काढतो आणि हवेचा बुडबुडा मानेशी पोचण्याच्या क्षणी साका उडवतो. प्रत्येक बाटलीचा वास घेता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

साखर अजिबात न घातलेली, 'ब्रूत नात्यूर', तीच अस्सल का?

हा गैरसमज फार पसरला आहे. साका काढल्यावर रिकामी जागा वाइनने आणि हवी तर थोड्या साखरेने भरतात, तो 'दोझाज'. ब्रूत नात्यूरमध्ये साखर घालत नाहीत आणि ती लिटरला ३ ग्रॅमच्या आत असते, एक्स्त्रा ब्रूतमध्ये ६ पर्यंत, ब्रूतमध्ये १२ च्या आत.

पिकलेल्या फळाला साखर लागत नाही हे खरं. पण कच्च्या फळाची वाइन साखरेविना नुसती बोचरी लागते, आणि बोचरेपणा म्हणजे टेरुआर नव्हे. शहाणा उत्पादक ०, २, ४, ६ ग्रॅमच्या बाटल्या करून काही आठवडे ठेवतो आणि मग चाखून ठरवतो. कधी कधी ३ ग्रॅम घातल्यावरच शेतातलं फळ वर येतं. एकाच शेताचा आकडा दरवर्षी बदलायला हवा. दहा वर्षं तोच आकडा दिसला तर समजा की तो चाखून ठरलेला नाही.

लेबलाच्या मागे काय शोधावं?

साका काढल्याची तारीख, दोझाजचा आकडा, मुख्य वर्ष, राखीव वाइनचं, म्हणजे आधीच्या वर्षांतून मागे ठेवलेल्या वाइनचं, प्रमाण, गाव किंवा शेताचं नाव. एवढं मोकळेपणाने सांगणारा माणूस बहुधा कामही तसंच करतो. साका नुकताच काढला असेल तर बाटली निदान तीन महिने ठेवा, तोवर वाइन दचकलेली असते.

प्यायला कशी द्यावी?

८ ते १० अंशांवर, पिंपातली भरीव असेल तर १२ पर्यंत. अरुंद उंच ग्लास नको, पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता हवा. तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडा आणि फिरवा ती बाटली, बूच नव्हे.

पांढऱ्या काचेची बाटली उजेडात ठेवू नका. उन्हात तासाभरातही उकडलेल्या कोबीचा वास येऊ शकतो.

उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी चालते का?

घट्ट बसणारं दाबाचं झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली तर दोन दिवस सहज. चमचा अडकवून काही होत नाही. कमी दोझाजची, एकाच शेताची तरुण वाइन तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच खुलते. फेस थोडा उतरलेला असतो आणि आधी बंद वाटलेलं फळ वर येतं. शक्य असेल तर पहिल्याच दिवशी एक ग्लासभर मुद्दाम मागे ठेवा.